हमीद मिस्त्रींचा जबाब

आमच्या घरात आठवड्यातले दोन वार आभाळाकडे बघण्याचे होते, मंगळवार आणि शुक्रवार. अप्पा नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात कारकून होते आणि छापखान्यानं दिलेल्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. पुढे व्हरांडा, मागे न्हाणी, आणि मागच्या भिंतीपलीकडे रेल्वेचे रूळ. सगळा दिवस आवाजांवर चालायचा. पहाटेची मुंबईकडची गाडी गेली की आई चूल पेटवी, देवळालीकडून लष्कराच्या सरावाच्या तोफा सुरू झाल्या की अप्पा दाढीला बसत, आणि आठचा भोंगा झाला की चाळीतले सगळे पुरुष एकदम रस्त्यावर दिसत. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र भोंग्यानंतर आणखी एक आवाज यायचा. आधी कानाला न जाणवता छातीत जाणवणारी घरघर, मग पांडवलेण्यांच्या डोंगरावरून येणारा एक ठिपका. आई भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी तशीच अंगणात येई. विमान आमच्या चाळीवर आलं की एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे कलंडायचं. ते कलंडणं म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, रघूदादानं, आईला केलेला नमस्कार.

आई आत येऊन पुन्हा भाकरी थापायला बसायची. पण त्या दिवशीच्या भाकऱ्या नेहमीपेक्षा पातळ आणि गोल व्हायच्या, आणि दादा घरी नसतानाही ती एक भाकरी जास्तीची टाकायची.

दादा मुंबईहून इंदूरकडे टपाल आणि तीन-चार उतारू घेऊन जाणारं विमान चालवायचा. तेव्हा ही किती अपूर्वाईची गोष्ट होती, हे आता सांगूनही पटायचं नाही. नाशकात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आमच्या चाळीतल्या बायका विमान दिसलं की पदर सावरायच्या, जणू वरून कोणी बघतंय. आता माझा नातजावई ओझरला विमानांच्या कारखान्यात कामाला आहे. कानठळ्या बसवत लढाऊ विमानं डोक्यावरून जातात आणि आमच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा मान वर करत नाही.

पण दादा काही एकटा उडायचा नाही, आणि हे प्रकरण मी लिहायला घेतलंय ते त्यासाठीच. त्या विमानात दोघांची जोडी असायची, विमान चालवणारा आणि इंजिनं सांभाळणारा मिस्त्री. दादाचे मिस्त्री हमीदचाचा. जुन्या नाशकातले, मशिदीच्या गल्लीत राहणारे. आग्रा रोडला त्यांचं लॉऱ्या दुरुस्तीचं दुकान होतं. दादा कॉलेजात असताना पुस्तकं बाजूला टाकून त्यांच्याकडे जाऊन बसायचा. अप्पांनी एकदा छडीनं मारलं त्याला त्यासाठी. पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो मुंबईला उडायला शिकला, कंपनीत लागला, आणि वर्षाच्या आत हमीदचाचांना दुकान बंद करायला लावून आपल्याबरोबर घेऊन गेला. तो म्हणायचा, "इंजिन बोलतं सगळ्यांशी. ऐकू फक्त मिस्त्रींना येतं." आणि ते खरंच ऐकत. लांब पेचकशाचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि डोळे मिटून घ्यायचे. आमच्या व्हरांड्यात बसून त्यांनी मला आईच्या शिवणयंत्राचं पोट असं ऐकवलं होतं. "शांताबेटी, ऐक. इथे तेल पाहिजे म्हणतंय."

उडताना आवाजात बोलणं ऐकू येत नसे म्हणून दोघांनी खुणा ठरवल्या होत्या. खांद्यावर एक थाप म्हणजे सगळं ठीक, दोन म्हणजे माझ्याकडे बघ, तीन म्हणजे खाली उतर. दादा घरी आला की जेवताना चुकून अप्पांच्या खांद्यावर थाप मारायचा आणि आम्ही हसायचो. हमीदचाचा मात्र आमच्याकडे कधी आत जेवले नाहीत. ते व्हरांड्यात बसायचे, त्यांचा कप वेगळा, कोनाड्यात पालथा घातलेला असायचा, आणि आई वरून चहा ओतायची. तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. ते मुंबईहून माझ्यासाठी बिस्किटांचा पुडा आणायचे आणि मी तो आतल्या खोलीत नेऊन खायची.

तो शुक्रवार थंडीचा होता. मी शाळेत जायच्या तयारीत होते. नाशकातल्या मिशनच्या शाळेत मी इंग्रजी सहावीत होते. भोंगा झाला, आणि नेहमीच्या वेळेला घरघर आली, पण ती तुटक होती. एखादा माणूस खोकत खोकत चालावा तशी. आई अंगणात गेली. विमान खाली होतं, फार खाली, आणि त्याच्या डाव्या पंखाखालून काळा धूर निघत होता. ते आमच्यावरून गेलं, कलंडलं नाही. आई म्हणाली, "आज नमस्कार नाही केला," आणि तिथंच खाली बसली.

पुढचे दोन तास आम्हाला काहीच कळलं नाही. अप्पा छापखान्यातून धावत आले, पुन्हा धावत स्टेशनवर गेले. शेजारच्या काकूंनी आमची चूल विझवली. मग सायकलवरून एक पोलीस आला आणि दारातूनच ओरडला, "जिवंत आहेत! सगळे जिवंत आहेत! ओझरच्या अलीकडे माळावर उतरवलं!" आईनं त्याला आत बोलावून गूळपाणी दिलं, आणि स्वतः न्हाणीत जाऊन ओकली.

काय घडलं होतं ते दादानं त्याच संध्याकाळी आईला सांगितलं, मी तिथे होते. घाट ओलांडल्यावर डाव्या इंजिनाची तेलाची नळी फुटली. तापलेल्या लोखंडावर तेल उडालं आणि पेट घेतला. त्या विमानाचं अंग म्हणजे लाकूड आणि कापड. इंजिनाचं पेट्रोल बंद करायची दांडी दादाच्या हाताशी होती, पण ती ओढल्यावर नुसतीच सैल हातात आली. पेट्रोल चालूच. तेव्हा हमीदचाचांनी उतारूंच्या बाजूची फळी लाथेनं फोडली, पंखाच्या मुळाशी हात घातला, आणि जळत्या तेलात चाचपडत पेट्रोलचा नळ हातानं पिळून बंद केला. आग मंदावली. मग त्यांनी तिन्ही उतारूंना ढकलत शेपटाकडे नेलं, म्हणजे टेकताना नाक जमिनीत घुसणार नाही. दादानं एका इंजिनावर माळ गाठला. चाक बांधाला लागून मोडलं. बाकीच्यांनी घट्ट काहीतरी धरलं होतं. हमीदचाचांचे जळलेले हात काही धरण्यासारखे राहिले नव्हते, ते खुर्च्यांच्या लोखंडावर जाऊन आदळले.

"आई, मी फक्त सुकाणू धरून बसलो होतो," दादा म्हणाला. "मिस्त्री नसते तर तुला माझी राख मिळाली असती."

आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "देवानं तुला बुद्धी दिली रे वेळेवर." दादानं तिच्याकडे बघितलं. माझ्या आठवणीत लोकांनी त्याचं न ऐकण्याची सुरुवात तिथून झाली, आमच्याच घरात, आमच्याच आईपासून.

दुसऱ्या दिवशीपासून लोक यायला लागले. विमानातून वाचलेल्या उतारूंत इंदूरचे एक मोठे व्यापारी होते. त्यांनी वर्तमानपत्रवाल्यांना सांगितलं की वैमानिक दगडासारखा स्थिर होता, आणि मिस्त्री मात्र घाबरून किंचाळत, आम्हाला तुडवत मागे पळून आला. ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. धुरात, जिवाच्या भीतीनं, त्यांनी जे बघितलं ते तसंच दिसलं असेल. छापून आलं ते मात्र वेदवाक्य झालं. आमच्या दोन खोल्यांत माणूस मावेना. बायका तान्ही मुलं आणून दादाच्या पायांवर घालायच्या. भगूरचा एक म्हातारा शेतकरी नवी कोरी पितळी समई घेऊन आला आणि दादानं ती लावावी म्हणून हटून बसला. पेढ्यांच्या पुड्यांवर मुंग्या चढल्या तरी पुडे येतच होते. कोणीतरी दादाच्या जळक्या कोटाची बाही कापून नेली. दादा प्रत्येकाला सांगायचा, "अहो, माझे मिस्त्री इस्पितळात आहेत, खरं त्यांनी केलंय." माणसं हात जोडायची आणि बाहेर जाऊन एकमेकांना म्हणायची, "बघा, किती विनय!"

हमीदचाचा नाशकात सरकारी इस्पितळात होते. शाळा तिथून जवळ होती म्हणून डबा पोचवायचं काम माझ्याकडे आलं. आई मऊ भात आणि दूध द्यायची. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते, चेहऱ्याची एक बाजू काळी पडली होती, आणि श्वास घेताना छातीतून करकर असा आवाज यायचा. बरगड्या मोडून आत घुसल्या होत्या, असं डॉक्टर नर्सला सांगताना मी ऐकलं. त्यांची बायको, मेहरूनचाची, दिवसभर खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसून असायची. ती कमी बोलणारी, उंच, हाडापेरानं मोठी बाई होती. मी गेले की ती उठून नमाजाला आणि घरच्या मुलांकडे जाऊन यायची, आणि तेवढा वेळ मी चाचांना हातानं भरवायची. त्यांना हसू यायचं. "शांताबेटी, तुझ्या आईला सांगू नकोस हां. हातानं भरवतेस मला."

"सांगितलं तर काय होईल?"

"आंघोळ करायला लावेल थंडीत."

एकदा त्यांनी विचारलं, "रघूभैया जेवतो का?" मी म्हटलं, जेवत नाही नीट. ते म्हणाले, "त्याला म्हणावं, मिस्त्री म्हणतात एक थाप." मी ते दादाला सांगितलं तेव्हा तो उठून न्हाणीत गेला आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, प्रेमानं रडतोय. त्यात आणखी काही आहे, हे मला तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

सहाव्या दिवशी कंपनीचा साहेब मुंबईहून आला. अपघाताची चौकशी त्याच्याकडे होती. विमान चालवणारा आणि मिस्त्री यांचे जबाब वेगवेगळे घ्यायचे असा नियम होता, म्हणून त्यानं दादाला वॉर्डाच्या बाहेर, लांबच्या बाकावर बसवलं. साहेबाला हुकमापुरतं हिंदी येत होतं. तापात हमीदचाचा मराठी, हिंदी, त्यांच्या घरची बोली, सगळं एकत्र बोलत होते. डॉक्टर शस्त्रक्रियेत होते. नर्स म्हणाली, ही मुलगी मिशनच्या शाळेतली आहे, रोज येते, इंग्रजी चांगलं बोलते. साहेबानं माझ्याकडे बघितलं. मी कोण, हे त्यानं विचारलं नाही. त्याला बहुतेक मी मिस्त्रींचीच कोणी वाटले. मीही सांगितलं नाही.

मेहरूनचाची पायथ्याशी उभी होती. साहेबानं खुर्ची ओढून मांडीवर कागद घेतला आणि मला सांगितलं, विचार, नळी फुटली ती त्यानं कधी तपासली होती?

मी विचारलं. हमीदचाचांनी डोळे मिटले, श्वास गोळा केला. "त्याच सकाळी. निघायच्या आधी. नळीला बारीक चीर होती बेटी. मी रघूभैयाला दाखवली. म्हटलं, बदलू, दोन तास लागतील. तो म्हणाला, टपाल खोळंबेल, आज जाऊन येऊ, परत आल्यावर बदलू. मी तीन थापा दिल्या त्याच्या खांद्यावर. जमिनीवरच दिल्या. हसला तो. म्हणाला, अजून उडालो कुठे आपण?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. इंजिनानं जे म्हटलं ते सांगावं तसं ते सांगत होते.

साहेब पेन्सिल धरून माझ्याकडे बघत होता. दाराबाहेर, लांब, बाकावर बसलेल्या दादाचे फक्त बूट मला दिसत होते. मी पंधरा वर्षांची होते. मला विचार करायला वेळ मिळाला नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे वेळ होता. आईचं न्हाणीत ओकणं मला आठवलं, पायांवर घातलेली तान्ही मुलं आठवली, दुसऱ्या दिवशी होणाऱ्या सत्काराचे गल्लीगल्लीत लागलेले कागद आठवले. एवढं सगळं आठवायला वेळ होता. मग मी साहेबाला इंग्रजीत म्हटलं, "ते म्हणतात, त्याच सकाळी तपासली. तेव्हा ती ऑल राइट होती."

मी दुसरा कुठलाही शब्द वापरला असता तर कदाचित निभावलं असतं. हमीदचाचांना इंग्रजी येत नव्हतं. पण आयुष्यभर इंजिनांत काम केलेल्या माणसाला तो एक शब्द येतोच. रोज सकाळी इंजिन तपासून झालं की ते तोच शब्द ओरडायचे. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मी नजर हलवली नाही. हलवताच आली नाही. साहेबानं पुन्हा, या वेळी थेट त्यांनाच, मोडक्या हिंदीत विचारलं, "मिस्त्री, टुम बोला, ऑल राइट ठा?"

करकर, करकर. छातीतला तो आवाज तेवढा येत होता.

"हां साब," हमीदचाचा म्हणाले. "ऑल राइट."

साहेबानं लिहून घेतलं. पट्ट्यांतून बाहेर आलेल्या अंगठ्याला शाई लावून त्याचा ठसा घेतला. कागद बाजूला झाल्यावर चाचांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी डबा उघडला तर म्हणाले, "आज नको बेटी. भूक नाही."

ते दुसऱ्याच दिवशी पहाटे गेले. दुपारी त्यांना कब्रस्तानात नेलं. दादानं खांदा दिला. बायका जात नाहीत म्हणून मी बाहेर रस्त्यावर अप्पांबरोबर उभी होते. माती देऊन लोक बाहेर येत होते, तेवढ्यात हारांनी मढवलेली एक मोटार येऊन फाटकाशी थांबली. सत्कार समितीचे दोन गृहस्थ उतरले. दादाच्या हातांना माती होती. तो म्हणाला, "आज नाही. आज माझा माणूस गेलाय."

"रघुनाथराव, कलेक्टरसाहेब येऊन बसलेत. हजारो माणसं आलीत खेड्यापाड्यांतून. त्यांना परत पाठवायचं?"

"पाठवा."

"आणि मिस्त्रींना श्रद्धांजली तुम्हीच वाहा ना तिथं. तुमच्याइतका अधिकार कोणाचा?"

त्या एका वाक्यानं दादा गाडीत बसला. एकानं स्वतःच्या रुमालानं त्याचे हात पुसले.

गोदेच्या काठी मांडव होता. मी आणि आई बायकांच्या बाजूला बसलो होतो. तुताऱ्या, हार, मानपत्र, सगळं झालं. दादा बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, "तुमच्यासमोर उभं राहायची माझी लायकी नाही. विमान वाचवलं ते हमीद मिस्त्रींनी. त्यांना आज मी माती देऊन आलोय. आणि ते विमान त्या दिवशी उडायलाच नको होतं. ते मिस्त्रींनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

मला आता सगळं संपलं असं वाटलं. पण पुढच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळा मांडव टाळ्यांनी दणाणला. अध्यक्ष उठून उभे राहिले आणि त्यांनी दादाला मिठी मारली. "मेलेल्या सहकाऱ्याचा दोषसुद्धा आपल्या शिरावर घेणारं हे काळीज पाहा!" लोक रडत होते. माझ्या शेजारची बाई आईला म्हणाली, "धन्य तुमची कूस." दादा हात वर करून काहीतरी ओरडत होता, बहुधा "नाही, नाही" म्हणत होता. ते कोणालाही ऐकू गेलं नाही.

त्यानं साहेबालाही तेच सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. माझ्याआधीच. त्या सकाळी, वॉर्डात येण्यापूर्वी, त्यानं आपल्या जबाबात सगळं कबूल केलं होतं: चीर दाखवली होती, मी दुर्लक्ष केलं. मी मनाचं काही घातलं नसतं, नुसतं जे ऐकलं ते तसंच्या तसं सांगितलं असतं, तर दोघांचे जबाब एकमेकांवर नीट बसले असते. पण मिस्त्री स्वतःच म्हणाले होते की नळी ठीक होती. अंगठ्याचा ठसा होता. कंपनीला काय, ज्याच्या नावावर तिकिटं खपत होती तो वैमानिक निर्दोष हवाच होता. महिनाभरानं निकाल आला: तपासणीत मिस्त्रीचा हलगर्जीपणा. दादा मुंबईला साहेबासमोर जाऊन भांडला. साहेब म्हणाला, "तुमची भावना मी समजतो. पण तुमचा मिस्त्री तुमच्यापेक्षा खरा होता."

तो घरी आला तेव्हा व्हरांड्यात मीच होते. पायरीवर बसून तो म्हणाला, "शांते, तू होतीस ना तिथं? मिस्त्री खरंच असं म्हणाले?"

मी म्हटलं, "हो."

"ऑल राइट म्हणाले?"

"हो दादा."

"माझ्यासाठी खोटं बोलले गं," दादा म्हणाला. "मरताना. माझ्यासाठी." आणि त्यानं गुडघ्यांत डोकं घातलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. माझा हात उचललाच गेला नाही.

दादा त्यानंतर वर्षभर उडला असेल. कंपनीतला एकही मिस्त्री त्याच्याबरोबर आपखुशीनं बसेना. मिस्त्री लोकांना इंजिनाइतकीच माणसंही ऐकू येतात. मग एक दिवस तो ट्रंक घेऊन घरी आला आणि पुन्हा विमानाजवळ गेला नाही. नाशिक रोडला त्यानं पिठाची गिरणी घातली. शेवटपर्यंत लोक गिरणीत दळण घेऊन यायचे आणि मुलांना बोटानं दाखवायचे, "हेच ते." तो पट्ट्याच्या आवाजात ऐकू न आल्यासारखं करायचा. म्हातारपणी तो गेला तेव्हा वर्तमानपत्रात चौकट आली. तिच्यात माळ होता, इंजिन होतं, व्यापारी होते. मिस्त्रीचं नाव नव्हतं. खरं काय ते मी दादाला कधीच सांगितलं नाही. सुरुवातीला भीतीनं. नंतर असं वाटायला लागलं की हमीद मिस्त्रींनी आपल्यासाठी एवढं केलं, या एका गोष्टीवर तो जगतोय, आणि ती पूर्ण खोटीही नाही. हे मी आज लिहिते आहे, त्याला जाऊन आता अकरा वर्षं झाली.

मेहरूनचाचीला मात्र मी सांगितलं. निकाल येऊन दोन वर्षं झाली होती. माझं लग्न ठरलं होतं आणि नाशिक सोडून जायच्या आधी मला राहवेना. मशिदीच्या गल्लीत मी एकटी गेले. गल्लीच्या तोंडाशी चहाचं हॉटेल होतं, तिथे भिंतीवर वर्तमानपत्रातून कापलेला दादाचा फोटो चौकट करून लावलेला होता. त्यांच्याच गल्लीत. नळावर दोन बायका बोलत होत्या; मी घर विचारलं तर एक म्हणाली, "कोण हमीद? विमान पाडलं तो?"

चाची दारात सुपात पानं घेऊन विड्या वळत बसली होती. तिनं मला ओळखलं. बस म्हणाली. मी बसले आणि सगळं सांगितलं. चीर, तीन थापा, साहेबाची पेन्सिल, माझा शब्द. ती पानं कापत राहिली. मध्ये एकदाही थांबली नाही. माझं झाल्यावर म्हणाली, "मला ठाऊक आहे."

"कसं?"

"त्याच संध्याकाळी त्यांनी सांगितलं. म्हणाले, पोरगी आहे, भाऊ आहे तिचा, काय करणार? तिला काही बोलू नकोस. मी जबान दिली. म्हणून बोलले नाही."

मी रडायला लागले. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, "त्यांनी तुला माफ केलं. मी नाही केलं. तेवढं वचन त्यांनी घेतलं नव्हतं."

मी पदरानं डोळे पुसले आणि जे विचारायला नको होतं ते विचारलं. "चाची, मग तुम्ही साहेबाला का नाही सांगितलं? मुंबईला जाऊन? लिहून?"

पहिल्यांदाच तिनं हातातली कात्री खाली ठेवली.

"कोणाकडून लिहवून घेऊ?" ती म्हणाली. "आमच्या ओळखीत इंग्रजी येणारं कोण होतं? तूच होतीस."